प्रत्येक स्टेटला एक मराठी वाक्य

तिसरी-चौथीतल्या मुलाला दोन मोठ्या संख्यांची बेरीज करताना बघा. संख्या दहा अंकी असो की पन्नास अंकी, तो उजवीकडून एकेक घर घेतो, बेरीज करतो, एक अंक खाली मांडतो आणि पुटपुटतो, "हातचा एक." पुढच्या घराकडे वळताना मागच्या अंकांपैकी त्याच्या डोक्यात काहीच उरलेलं नसतं. उरतो तो फक्त हातचा, आणि दोन संख्यांच्या बेरजेत तो शून्य तरी असतो किंवा एक तरी. संख्या कितीही लांबली तरी एवढ्या आठवणीवर काम भागतं.

पुणे विद्यापीठात 'थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन', मुंबई विद्यापीठात 'थिअरेटिकल कॉम्प्युटर सायन्स' या नावाने इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी जो विषय येतो, 'गेट' परीक्षेच्या अभ्यासक्रमातही जो ठाण मांडून बसलेला आहे, तो सगळा या हातच्याच्या प्रश्नावर उभा आहे. एखादं काम पार पाडायला मागचं किती आणि काय लक्षात ठेवावं लागतं? दोन संख्यांची बेरीज दोन स्टेट्समध्ये, म्हणजे आठवणीच्या दोन अवस्थांमध्ये, होते. एखाद्या संख्येला ७ ने गुणायचं असेल तर हातचा ० ते ६ पर्यंतच जातो, म्हणजे सात स्टेट्स पुरतात. पण मनाला येतील त्या दोन संख्यांचा गुणाकार करायचा म्हटलं, की आधीपासून ठरवून ठेवलेली कोणतीही मर्यादित आठवण पुरत नाही.

मी हा विषय बरीच वर्षं शिकवते. पेपर तपासताना एक गोष्ट दर वर्षी दिसते. नेहमीचं गणित आलं की वर्तुळं, बाण, दुहेरी वर्तुळ सगळं जागच्या जागी असतं. त्याच गणितात एक शब्द बदलला, 'शेवटी ०१ असलेल्या स्ट्रिंग' याऐवजी 'शेवटी ०१ नसलेल्या' असं विचारलं, की पान कोरं राहतं. खरं तर उत्तर एका ओळीचं आहे: त्याच डीएफएमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हावर एकच बाण असलेल्या यंत्रात, ज्या स्टेट्स फायनल (दुहेरी वर्तुळाच्या) होत्या त्या साध्या करायच्या आणि साध्या होत्या त्या फायनल. पण आकृती पाठ केलेली असते, यंत्र डोक्यात उतरलेलं नसतं. (ही अदलाबदल एनएफएवर, म्हणजे एकाच चिन्हावर अनेक बाण चालणाऱ्या यंत्रावर, चालत नाही, आधी त्याचा डीएफए करावा लागतो. 'गेट'च्या तयारीत या खाचेत पाय हमखास अडकतो.)

म्हणून माझं सांगणं एकच आहे. वर्तुळ काढण्याआधी त्या वर्तुळाचं एक मराठी वाक्य लिहा. "मी या स्टेटमध्ये आहे, म्हणजे आतापर्यंतच्या वाचनातून मला एवढंच आठवतंय की..." हे वाक्य पुरं करा. वाक्य पुरं होत नसेल तर ती स्टेट काढू नका.

शेष एवढाच हातचा

बायनरी संख्या डावीकडून एकेक अंक वाचायची आणि तिला ३ ने भाग जातो का ते सांगायचं. वर्गात विचारलं तर पहिलं उत्तर येतं, "पूर्ण संख्या आल्याशिवाय कसं सांगणार?" पण संख्या आठवायची गरज नाही, तिला ३ ने भागल्यावर उरलेला शेष आठवला की पुरे. तीन वाक्यं झाली: आतापर्यंतच्या संख्येचा शेष ० आहे, शेष १ आहे, शेष २ आहे. तीन वाक्यं म्हणजे तीन स्टेट्स. काहीच वाचलेलं नसताना शेष ० धरायचा आणि संपताना शेष ० असेल तर होकार द्यायचा.

आता बाण. बायनरी संख्येच्या उजवीकडे ० लागला की ती दुप्पट होते, १ लागला की दुप्पट अधिक एक. शेषाचंही तेच होतं. शेष ० असताना ० आला तर शेष ०, १ आला तर १. शेष १ असताना ० आला तर दोन, म्हणजे शेष २. १ आला तर तीन, म्हणजे शेष ०. शेष २ असताना ० आला तर चार, म्हणजे शेष १. १ आला तर पाच, म्हणजे पुन्हा शेष २. सहाही बाण वाक्यांतून आपोआप निघाले. ताळा करून पाहू: १०१०१ म्हणजे २१. शेष ० वरून निघालो, १ वर १, ० वर २, १ वर २, ० वर १, १ वर ०. होकार.

एवढं जमलं की पुढची वाट मोकळी होते. शाळेत ३ ची कसोटी शिकवतात, अंकांची बेरीज करा म्हणतात. ७ ची कसोटी मात्र किचकट म्हणून बहुतेक वेळा गाळली जाते. यंत्राच्या लेखी ७ मध्ये अवघड काही नाही. नेहमीची दशमान संख्या घ्या, सात स्टेट्स करा, शेष दहापट करून त्यात नवा अंक मिळवा आणि पुन्हा ७ ने भागा. अशी दोन-तीन यंत्रं स्वतःच्या हाताने करा. ती वाचून समजतात, पण हाताने केल्याशिवाय अंगात मुरत नाहीत.

आपल्याच लिपीचं यंत्र

पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांना कंटाळलेल्या विद्यार्थ्यांना मी देवनागरी अक्षर देते. संगणकात 'स्त्री' हे अक्षर एकसंध साठवलेलं नसतं. स, पाय मोडण्याचं चिन्ह, त, पुन्हा पाय मोडण्याचं चिन्ह, र आणि दीर्घ ईची मात्रा अशा सहा चिन्हांची ती स्ट्रिंग असते. मग प्रश्न असा: कोणती चिन्हं कोणत्या क्रमाने आली तर त्यांचं एक नीट अक्षर बनतं? नुक्ता, विसर्ग वगैरे तूर्त बाजूला ठेवू. व्यंजन, हलन्त म्हणजे पाय मोडण्याचं चिन्ह, मात्रा, स्वर आणि अनुस्वार एवढे पाचच प्रकार घेऊ.

वाक्यं लिहायला बसा. पहिलं: अजून काहीच आलेलं नाही. दुसरं: नुकतंच व्यंजन आलं, अक्षर इथे संपू शकतं किंवा पुढे हलन्त, मात्रा, अनुस्वार यांपैकी काहीही येऊ शकतं. तिसरं: व्यंजनाचा पाय मोडला आहे, आता दुसरं व्यंजनच हवं. चौथं: मात्रा लागली, आता अनुस्वार आला तर येईल, दुसरं काही नाही. पाचवं: अनुस्वार आला, अक्षर संपलं. सहावं: 'अ', 'ई', 'ओ' असा सुटा स्वर आला, आता अनुस्वार आला तर येईल, दुसरं काही नाही. सातवं: घोटाळा झाला आहे, पुढे काहीही आलं तरी उपयोग नाही.

आता चौथं आणि सहावं वाक्य शेजारी ठेवून वाचा. भूतकाळ वेगळा आहे, एकीकडे व्यंजनाला मात्रा लागून आली आहे, दुसरीकडे नुसता स्वर आहे. पण पुढे काय चालेल आणि काय चालणार नाही, हे दोन्हीकडे अक्षरशः सारखं आहे. मग यंत्राला त्यांच्यात फरक करायचं कारणच नाही. दोन्ही स्टेट्स एक करा. डीएफए लहान करण्याची जी पद्धत परीक्षेत तक्ते भरून करावी लागते, तिचा सगळा आशय एवढाच आहे: ज्यांचं भविष्य सारखं त्या स्टेट्स एक. जॉन मायहिल यांनी १९५७ मध्ये आणि अनिल नेरोड यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या प्रमेयाचा गाभाही हाच. माझ्या मते या अख्ख्या विषयातलं सर्वांत सुंदर प्रमेय ते आहे आणि अनेक वर्गांत ते घाईघाईने उरकलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

शेवटी पाय मोडलेलं अक्षर चालवायचं की नाही, असा प्रश्न इथे कुणीतरी विचारतंच. विचारायलाच हवा. त्याचं उत्तर यंत्र देत नाही, ते भाषेच्या व्याख्येतून येतं. तुम्ही 'चालवायचं' म्हणालात तर तिसरी स्टेट फायनल, नाहीतर नाही. आधी भाषा ठरवायची, मग यंत्र काढायचं.

हे नुसतं वहीतलं गणित नाही. अँड्रॉइड, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये देवनागरी अक्षरांची जुळणी करणारी 'हार्फबझ' ही लायब्ररी असंच यंत्र वापरते. 'रॅगेल' नावाच्या साधनाला अक्षराचे नियम रेग्युलर एक्स्प्रेशनच्या रूपात दिले जातात आणि त्यातून ते यंत्राचा कोड तयार करतं. कोऱ्या जागी व्यंजनाशिवाय नुसती वेलांटी टाइप केली तर तिच्याशेजारी ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं, ते तुम्ही पाहिलं असेल. अक्षर तुटकं आहे, असं यंत्राला तिथे कळलेलं असतं.

अंदाज बांधणारं यंत्र

एनएफए शिकवताना 'एकाच चिन्हावर दोन बाण चालतात' एवढंच सांगितलं की विद्यार्थी गोंधळतात: यंत्राने मग जायचं कुठे? मायकेल रेबिन आणि डेना स्कॉट यांनी १९५९ च्या निबंधात ही कल्पना मांडली आणि १९७६ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना या कामासाठी मिळालं. त्यांनीच दाखवलं की एनएफए जे ओळखतो ते डीएफएही ओळखतो. युक्ती अशी: एनएफए या क्षणी ज्या ज्या स्टेट्समध्ये असू शकतो त्यांची यादी, हीच नव्या यंत्राची एक स्टेट. वाक्य इथेही लिहिता येतं: "मी या, या किंवा या ठिकाणी असू शकेन."

किंमत मात्र मोजावी लागते. शेवटून तिसरा अंक १ असलेल्या स्ट्रिंग घ्या. एनएफएला चार स्टेट्स लागतात: कुठल्या तरी १ वर 'हाच तो' असा अंदाज बांधायचा आणि पुढचे दोन अंक मोजायचे. डीएफए अंदाज बांधू शकत नाही, त्याला शेवटचे तीन अंक सतत लक्षात ठेवावे लागतात. तीन अंकांच्या आठ शक्यता, म्हणून आठ स्टेट्स. शेवटून विसावा अंक म्हटलात तर एनएफएला २१ स्टेट्स आणि डीएफएला कमीत कमी १०,४८,५७६.

परीक्षेत हे गणित सोडवताना सगळे उपसंच आधी मांडून बसू नका. सुरुवातीच्या स्टेटपासून निघा आणि जिथे खरोखर पोचता येतं तेवढेच उपसंच लिहा, बहुतेक वेळा ते मोजकेच निघतात. रिकामा उपसंच आला तर तोही लिहा. तीच आपली 'घोटाळा झाला' ही स्टेट आहे.

आठवण पुरत नाही तेव्हा

आता विषय जिथे बहुतेकांना नकोसा होतो तिथे येऊ. आधी काही अ आणि मग तितकेच ब, अशा स्ट्रिंगची भाषा रेग्युलर नाही, म्हणजे ती ओळखणारा डीएफए असू शकत नाही, हे सिद्ध करायचं आहे. लगेच पंपिंग लेमाकडे धावू नका. आपला नेहमीचा प्रश्न विचारा: काय आठवावं लागेल? किती अ आले ते. आणि त्याला मर्यादा आहे का? नाही.

हीच गोष्ट नीट सिद्ध करता येते. समजा कुणी म्हणालं, माझ्याकडे शंभर स्टेट्सचं यंत्र आहे. त्याला एक अ द्या, दोन द्या, असं करत एकशे एक अ पर्यंत द्या. एकशे एक वेगवेगळ्या सुरुवाती आणि स्टेट्स शंभर, तेव्हा कुठल्या तरी दोन सुरुवाती एकाच स्टेटमध्ये येऊन थांबणार. समजा सतरा अ आणि चाळीस अ. आता दोन्हींपुढे सतरा ब द्या. पहिल्याला होकार हवा, दुसऱ्याला नकार हवा. पण यंत्र एकाच स्टेटमधून निघालं आहे, आलेली चिन्हं तीच आहेत, तेव्हा उत्तरही एकच येणार. यंत्र चुकलं. शंभरच्या जागी कोणतीही संख्या घाला, युक्तिवाद तसाच राहतो.

पंपिंग लेमा याच युक्तिवादाचं दुसरं रूप आहे. परीक्षेत तो नाव घेऊन विचारतात, म्हणून यायलाच हवा. तो एखादा डाव समजून लिहा. समोरचा म्हणतो, भाषा रेग्युलर आहे, आणि एक संख्या न सांगता मुठीत धरतो. तुम्ही त्या संख्येइतकी किंवा तिच्याहून लांब अशी भाषेतली एक स्ट्रिंग निवडता. तो तिचे तीन तुकडे करतो: मधला तुकडा रिकामा नको आणि पहिले दोन मिळून त्या संख्येपेक्षा लांब नकोत, एवढं त्याला पाळावं लागतं. मग मधला तुकडा किती वेळा लिहायचा हे तुम्ही ठरवता, आणि स्ट्रिंग भाषेबाहेर गेली की तुम्ही जिंकलात. उत्तरपत्रिकेत चुका होतात त्या कुणाची पाळी आहे हे विसरल्यामुळे. समोरच्याची संख्या स्वतःच ५ धरली, तर उत्तर गेलं. तुकडे आपल्या सोयीने पाडले, तरी गेलं. आणि लेमा वापरून एखादी भाषा रेग्युलर आहे असं सिद्ध करायला निघालात तर मुळातच वाट चुकली. लेमाची अट पाळणाऱ्या पण रेग्युलर नसलेल्या भाषाही आहेत.

'मोजायचं आहे, म्हणजे रेग्युलर नाही' असा ठोकताळाही बांधू नका. ० आणि १ यांची संख्या सारखी असलेल्या स्ट्रिंगची भाषा रेग्युलर नाही, हे बरोबर. पण '०१' ही जोडी आणि '१०' ही जोडी सारख्याच वेळा येते अशा स्ट्रिंगची भाषा? मोजायचं दिसतं इथेही. दोन-चार स्ट्रिंग लिहून बघा. शून्यांकडून एकांकडे एकदा गेलात, तर पुन्हा तिकडे जाण्याआधी परत यावंच लागतं. त्यामुळे दोन्ही जोड्यांच्या संख्येत एकाहून जास्त फरक कधी पडतच नाही, आणि स्ट्रिंगचं पहिलं व शेवटचं चिन्ह सारखं असलं की त्या संख्या सारख्या येतात. आठवायचं ते फक्त पहिलं चिन्ह आणि आताचं चिन्ह. पाच स्टेट्समध्ये काम झालं. हे गणित मी दर वर्षी देते, कारण वाक्य लिहिण्याची सवय लागली आहे की नाही ते इथे लगेच कळतं.

आणखी एक गैरसमज मुळातून काढून टाका. रेग्युलर भाषेचा उपसंच रेग्युलर असलाच पाहिजे, असं काही नाही. ० आणि १ यांच्या सगळ्या स्ट्रिंगची भाषा एका स्टेटचं यंत्र ओळखतं आणि बाकी साऱ्या भाषा, रेग्युलर नसलेल्यासुद्धा, तिच्याच पोटात आहेत.

याचा नोकरीत काय उपयोग?

हा प्रश्न मला दर वर्षी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. २० जुलै २०१६ रोजी 'स्टॅक ओव्हरफ्लो' ही प्रोग्रामरांची जगभर वापरली जाणारी साइट ३४ मिनिटं बंद पडली. कारण होतं एक छोटं रेग्युलर एक्स्प्रेशन. ओळीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या मोकळ्या जागा छाटणं, एवढंच त्याचं काम. एका मजकुरात सलग सुमारे वीस हजार मोकळ्या जागा आल्या, आणि त्या ओळीच्या शेवटी नव्हत्या. बॅकट्रॅकिंग करणारं इंजिन पहिल्या जागेपासून वीस हजार पावलं चाललं, शेवट सापडला नाही म्हणून परत फिरलं, दुसऱ्या जागेपासून पुन्हा चाललं, मग तिसऱ्या. सगळी मिळून सुमारे वीस कोटी पावलं.

डीएफए असता तर? "मी सध्या मोकळ्या जागांमध्ये आहे" या एका वाक्याच्या स्टेटमध्ये तो वीस हजार पावलं चालला असता आणि पुढे गेला असता. केन टॉम्प्सन यांनी रेग्युलर एक्स्प्रेशनवरून एनएफए बनवून त्याच्या सगळ्या शक्यता एकाच वेळी चालवण्याची पद्धत १९६८ मध्येच छापली होती. गो भाषेतली रेग्युलर एक्स्प्रेशनची लायब्ररी आजही त्या वाटेने जाते. पायथॉनची 're' (आर-ई) मात्र बॅकट्रॅकिंग करते. तुमच्या प्रोजेक्टमध्ये बाहेरून आलेला मजकूर रेग्युलर एक्स्प्रेशनने तपासत असाल, तर हा फरक माहीत असणं तुमची जबाबदारी आहे.

चळत आणि व्याकरण

हातच्याने भागत नाही तेव्हा पुढची पायरी म्हणजे चळत, ताटांची असते तशी: शेवटी ठेवलेलं ताट आधी निघतं. ही चळत दिली की यंत्र पीडीए होतं. कंस जुळवणं, अ इतकेच ब मोजणं हे आता जमतं. 'रामाला भाला मारा' हे वाक्य अक्षरांनी उलटसुलट सारखं आहे: रा, मा, ला, मग भा, आणि पुन्हा ला, मा, रा. पहिली तीन अक्षरं चळतीवर ठेवायची, मधलं सोडायचं, मग एकेक अक्षर काढून जुळवत जायचं. पण मधलं अक्षर आलं हे यंत्राला कसं कळणार? त्याने अंदाज बांधायचा. आणि इथे एक महत्त्वाचा फरक आहे. एनएफए आणि डीएफए यांची ताकद सारखी होती, पीडीएच्या बाबतीत तसं नाही. उलटसुलट सारख्या स्ट्रिंगची भाषा अंदाज न बांधणाऱ्या पीडीएला ओळखता येत नाही.

व्याकरण लिहितानाही वाक्याची सवय सोडू नका, फक्त आता वाक्य स्टेटचं नसून चलाचं असेल: या चलातून कोणत्या स्ट्रिंग निघतात? अ आणि ब सारख्या संख्येने असलेल्या, रिकाम्या नसलेल्या स्ट्रिंग घ्या. क्रम कसाही चालेल. 'स' म्हणजे दोन्ही सारखे. 'क' म्हणजे अ एकाने जास्त. 'ख' म्हणजे ब एकाने जास्त. आता स ची स्ट्रिंग अ ने सुरू झाली तर उरलेल्या भागात ब एकाने जास्त हवा, म्हणजे ख. ब ने सुरू झाली तर क. क ची स्ट्रिंग अ ने सुरू झाली तर तिथेच संपेल किंवा पुढे स येईल. ती ब ने सुरू झाली तर अ दोनाने जास्त लागतील, म्हणजे क आणि पुन्हा क. ख चे नियम आता तुम्हीच लिहाल. अर्थ न लिहिता हे व्याकरण पाठ करणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत; आठवडाभरात ते विसरलं जातं.

संदिग्धता समजायला 'लाल फेटे आणि सदरे आणा' हे वाक्य पुरेसं आहे. सदरे लाल हवेत की कोणतेही चालतील? ऐकणाऱ्याच्या मनात दोन झाडं उभी राहतात. '१० − ४ − ३' चीही दोन झाडं होतात, एकाचं उत्तर ३ आणि दुसऱ्याचं ९. प्रोग्रामिंग भाषेच्या व्याकरणात हे चालत नाही, म्हणून वजाबाकी डावीकडून बांधली जाईल असे नियम लिहावे लागतात. 'अल्गोल ६०' च्या अहवालात बॅकस आणि नाउर यांच्या पद्धतीने पूर्ण भाषेचं व्याकरण मांडलं गेलं, तेव्हापासून हे काम पद्धतशीर झालं. १९६७ मध्ये पी. झेड. इंगरमन यांनी एका पत्रात, अशी मांडणी पाणिनीने फार आधी केली होती, म्हणून तिला 'पाणिनी-बॅकस फॉर्म' म्हणावं, असं सुचवलं होतं. संस्कृतची थोडी ओळख असेल तर अष्टाध्यायीची रचना या नजरेने जरूर बघा, सूत्रं किती काटकसरीने लिहिली आहेत ते तिथे दिसतं.

ट्युरिंग यंत्राबद्दल थोडंच सांगते. ॲलन ट्युरिंग यांचा निबंध १९३६ चा. पट्टी हवी तितकी लांब, तिच्यावर मागेपुढे जाता येतं, लिहिता-पुसता येतं, म्हणजे आठवणीला मर्यादाच उरली नाही. तरीही काही प्रश्न सुटत नाहीत. दिलेला प्रोग्राम थांबेल का, हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारा प्रोग्राम असू शकत नाही. दिलेलं व्याकरण संदिग्ध आहे का, हेही कोणत्याही एका पद्धतीने सर्वत्र ठरवता येत नाही. परीक्षेच्या दृष्टीने इथे एकच दिशा पक्की करा: नवा प्रश्न न सुटणारा आहे हे दाखवायचं, तर जुना न सुटणारा प्रश्न नव्यात बदलून दाखवायचा. उलट दिशेने केलेली सिद्धता कितीही नीटनेटकी असली तरी तिला गुण मिळत नाहीत.

अभ्यासाला बसताना

पुस्तकं दोन पुरतात. मायकेल सिप्सर यांचं पुस्तक आधी वाचा. प्रत्येक सिद्धतेआधी तिची कल्पना ते सोप्या शब्दांत सांगतात, आणि ती कल्पना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. गणितांसाठी हॉपक्रॉफ्ट आणि उलमन यांचं १९७९ चं पुस्तक किंवा राजीव मोतवानी सहलेखक असलेली त्याची पुढची आवृत्ती घ्या. इंग्रजी जड जात असेल तर व्याख्या इंग्रजीत लिहा आणि तिच्याखाली अर्थ मराठीत लिहा. मराठी माध्यमातून आलेली मुलं इथे मागे पडतात असं म्हणतात. मला तसं दिसलेलं नाही. शिकलेलं स्वतःच्या भाषेत सांगता येणारे विद्यार्थी या विषयात पुढेच जातात.

यंत्र काढण्याआधी होकार मिळायला हवा अशा पाच स्ट्रिंग आणि नकार मिळायला हवा अशा पाच लिहा. रिकामी स्ट्रिंग त्यात असलीच पाहिजे, सर्वाधिक चुका तिच्यापाशी होतात. यंत्र झालं की दहाही चालवून बघा. संगणक हाताशी असेल तर ड्यूक विद्यापीठात तयार झालेलं 'जेफ्लॅप' हे मोफत साधन उतरवून घ्या, त्यात यंत्र काढून पावलागणिक चालवता येतं. त्याहून चांगलं म्हणजे डीएफए स्वतः लिहा. पायथॉनमध्ये स्टेट आणि चिन्ह यांच्या जोडीवरून पुढची स्टेट सांगणारी एक डिक्शनरी आणि एक लूप, दहा ओळींत काम होतं.

सुरुवात या गणिताने करा. नेहमीची दशमान संख्या डावीकडून वाचायची आणि तिला ४ ने भाग जातो का ते सांगायचं. शेष चार आहेत: ०, १, २, ३. पण सर्वांत लहान यंत्राला स्टेट्स तीनच लागतात. कोणत्या दोन वाक्यांचं भविष्य सारखं आहे, ते आज कागदावर लिहून शोधा.